आईची झोप हेही मुलाचे औषध

झाडावरून किंवा गच्चीवरून पडून, तर कधी रस्त्यावरील अपघातात मुलाच्या पाठीच्या कण्याला मार बसतो. कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला इजा झाली, तर इजेच्या खालची हालचाल, संवेदना व लघवी-शौचावरील ताबा कमी होतो किंवा पूर्णपणे जातो. मूल घरी आले की पहिल्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. दोन महिन्यांनी मात्र अंथरुणाशी आई-वडील दोघेच उरतात. आज त्यांच्याविषयी थोडे.

अशा मुलाला दाब किंवा वेदना जाणवत नाही. त्यामुळे ते आपणहून कूस बदलत नाही. एकाच जागी दाब राहिला की तेथील रक्तपुरवठा थांबतो व जखम होते. म्हणून सुरुवातीला साधारण दर 2 तासांनी कूस बदलावी लागते. मूत्राशय नीट रिकामे होत नसेल, तर डॉक्टरांनी शिकविल्याप्रमाणे दर 4 ते 6 तासांनी नळीने लघवी काढावी लागते. नाहीतर जंतुसंसर्ग होऊन मूत्रपिंडांना धोका पोहोचतो.

आता हिशेब करा. रात्री 10 वाजता कूस बदलून झोपले, तरी 12, 2 व 4 वाजता उठणे आलेच. दिवसभर राबलेल्या एकट्या आईला एखादे रात्री जाग येत नाही. अशा चुका साचल्या की माकडहाडाजवळ जखम होते आणि ती भरायला कित्येक महिने लागू शकतात. दोष आईचा नसतो. सारा भार एकटीवर टाकणाऱ्या व्यवस्थेचा असतो.

घरच्यांनी काय करावे?

1. रात्र वाटून घ्यावी. 10 ते 2 एकाने, 2 ते 6 दुसऱ्याने पाहावे. कूस, लघवी व शौचाच्या वेळा लिहिण्यासाठी भिंतीवर कागद लावावा. रात्रीचे अंतर वाढविता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने वाढवू नये.

2. कमरेत वाकून मुलाला एकट्याने उचलू नये. खाट व चाकाची खुर्ची एका उंचीवर आणावी, खुर्चीचे ब्रेक लावावेत आणि शक्यतो दोघांनी मिळून हलवावे. मुलाचे वजन वाढतच जाणार आहे. आईची पाठही टिकली पाहिजे.

3. हात चांगले चालत असतील, तर मुलाला त्याचे काम शिकवावे. आरशात त्वचा पाहणे, हातांच्या जोरावर बैठक उचलणे आणि पुढे स्वतः नळी घालणे पुष्कळ मुले शिकतात.

4. दाब काढल्यावर अर्ध्या तासातही न जाणारा लालसरपणा, ताप किंवा गढूळ लघवी दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असलेल्या मुलाचे डोके अचानक ठणकू लागले व चेहऱ्यावर घाम आला, तर त्याला बसते करावे, कपडे सैल करावेत, लघवी तुंबली आहे का पाहावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे.

नातेवाईकांनी "काही लागले तर सांगा" एवढे म्हणून निघू नये. "दर बुधवारी 5 ते 7 मी बसतो, वहिनी, तुम्ही झोपा," असे सांगावे आणि ते पाळावे. अचाट उपायांचे पत्ते देण्यापेक्षा ही मदत मोठी आहे.

"माझे लक्ष असते तर..." हा विचार अनेक आयांना पोखरतो. दोन आठवडे झोप, भूक हरपली किंवा रडू आवरत नसेल, तर डॉक्टरांशी बोलावे. टेलिमानस या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र अवश्य काढावे. 2016 च्या कायद्यानुसार 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मूल शाळेत गेले की त्याचे जग वाढते, आणि आईलाही चार तास मिळतात. ते तिने निःसंकोच स्वतःसाठी ठेवावेत.