खेळाडू आणि मालक : एका झगड्याचा अभ्यास

खेळ आणि श्रम हे दोन शब्द आपण सामान्यतः एकमेकांच्या विरुद्ध मानतों. श्रम संपले म्हणजे खेळावयाचें, आणि खेळ संपला म्हणजे पुन्हां श्रमास लागावयाचें, अशीच आपली शाळेंतील वहिवाट असते. परंतु ज्याचें पोट खेळावरच चालतें त्याच्यापुढें गिरणींतील कामगारासारखेच प्रश्न उभे राहतात : वेतन किती, तें ठरविणार कोण, दुखापत झाल्यास पुढें काय, आणि नापसंत नोकरी सोडण्याची मोकळीक आहे कीं नाहीं ? संप आणि टाळेबंदी हे शब्द मराठी वाचकांस मुंबईच्या गिरण्यांमुळें परिचयाचे झाले. कामगार आपण होऊन काम थांबवितात तो संप, आणि मालक स्वतःच दरवाजास कुलूप घालून कामगारास आंत येऊं देत नाहीं ती टाळेबंदी. अमेरिकेंतील धंदेवाईक बास्केटबॉलच्या इतिहासांत हे दोन्ही शब्द वारंवार भेटतात. त्या इतिहासाचें थोडें अवलोकन करणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या खेळाचा जन्म एका शिक्षणसंस्थेंतच झाला. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या शाळेंत जेम्स नेस्मिथ नांवाचे शिक्षक होते. कडक हिंवाळ्यामुळें बाहेर खेळतां येत नसे. म्हणून कंटाळलेल्या १८ विद्यार्थ्यांसाठीं त्यांनीं १८९१ च्या डिसेंबरांत पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जास ठोकल्या आणि १३ नियम लिहून काढले. तेथें तिकीट नव्हतें, गल्ला नव्हता. त्यामुळें वांटणीचें भांडणहि नव्हतें. पुढें १९४६ सालीं मोठमोठ्या क्रीडागृहांचे मालक एकत्र आले. बर्फावरील हॉकीचे सामने ज्या रात्रीं नसत त्या रात्रीं त्यांचीं क्रीडागृहें रिकामीं पडत. तीं भरावींत या हेतूनें त्यांनीं ११ संघांची एक संस्था काढली. तीच १९४९ सालीं दुसऱ्या एका संस्थेशीं एकरूप होऊन एन्. बी. ए. या नांवानें ओळखली जाऊं लागली. ही संस्था खेळाडूंनीं स्थापन केलेली नव्हती, हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. नियम करणारे, करार लिहिणारे आणि दंड बसविणारे सर्व मालकच होते.

त्या काळचा करार मोठा एकांगी असे. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची मालक आपसांत निवड करीत; ज्या संघाच्या वांट्यास खेळाडू आला त्या संघाखेरीज इतर कोणाशींहि त्याला बोलणें करतां येत नसे. कराराची मुदत संपली तरी त्याचें नूतनीकरण करण्याचा हक्क संघाकडेच राही. मालक खेळाडूस दुसऱ्या गांवीं धाडूं शके, परंतु खेळाडू स्वतःच्या मर्जीनें जाऊं शकत नसे. रिक बॅरी नांवाच्या नामांकित खेळाडूनें १९६७ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोचा संघ सोडून नव्यानेंच निघालेल्या ए. बी. ए. या प्रतिस्पर्धी संस्थेच्या संघांत जाण्याचें ठरविलें, तेव्हां न्यायालयाच्या हुकुमामुळें त्याला एक संपूर्ण हंगाम खेळाविना बसून काढावा लागला. आरंभीच्या वर्षांत किमान वेतनाची हमी नव्हती, निवृत्तिवेतन नव्हतें, आजारपणाची तरतूद नव्हती. इतकेंच नव्हे तर मैदानावर खेळाडू कांहीं पुटपुटल्याचें पंचाच्या कानावर आलें, तर तो त्याला १५ डॉलर दंड करूं शके. त्याला खेळाडू ‘कुजबुजीचा दंड’ म्हणत.

या परिस्थितीविरुद्ध पहिलें पाऊल १९५४ सालीं बोस्टनच्या बॉब कूझी यानें उचललें. प्रत्येक संघांतील एका प्रतिष्ठित खेळाडूस पत्र लिहून त्यानें खेळाडूंची युनियन स्थापन केली. मालकांनीं कांहीं काळ तिच्याकडे दुर्लक्ष केलें. परंतु देशांतील मोठ्या कामगार महासंघाशीं जोडून घेण्याचा विचार खेळाडू करूं लागले, तेव्हां मात्र १९५७ सालीं मालकांनीं बोलणें सुरू केलें, आणि कुजबुजीचा दंड रद्द झाला. कूझी हा त्या काळचा अग्रगण्य खेळाडू होता. त्याला स्वतःला नोकरीची धास्ती नव्हती. ज्याला काढून टाकणें मालकास परवडणार नाहीं त्यानेंच पुढें व्हावें, म्हणजे ज्याला सहज काढतां येईल त्याचें रक्षण होतें, हें तत्त्व त्यानें आचरून दाखविलें.

या तत्त्वाची खरी परीक्षा १४ जानेवारी १९६४ च्या रात्रीं झाली. निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना त्या रात्रीं बोस्टन येथें व्हावयाचा होता. देशभर दूरचित्रवाणीवरून तो दाखविण्याची सिद्धता झाली होती, आणि प्रेक्षक येऊन बसले होते. निवृत्तिवेतनाचें आश्वासन वर्षानुवर्षें लांबणीवर पडत होतें. म्हणून युनियनचा अध्यक्ष टॉम हाइनसन व तिचे वकील लॅरी फ्लायशर यांच्या सल्ल्यानें खेळाडूंनीं ठरविलें कीं, लेखी नसलें तरी निश्चित वचन मिळाल्यावांचून मैदानावर पाऊल ठेवावयाचें नाहीं. बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, एल्जिन बेलर असे त्या खेळांतील मोठमोठे खेळाडू दार लावून आंत बसले. लॉस अँजेल्सच्या मालकानें आपल्या दोन खेळाडूंस बाहेर येण्याविषयीं निरोप धाडला. परंतु कोणी हललें नाहीं. अखेर संस्थेचे अध्यक्ष वॉल्टर केनेडी यांनीं निवृत्तिवेतनाविषयीं वचन दिलें, आणि सामना थोड्या उशिरानें सुरू झाला. प्रेक्षकांचें नुकसान झालें नाहीं, मालकांचा गल्ला बुडाला नाहीं, आणि म्हातारपणाची तरतूद मात्र पदरांत पडली.

यानंतरचा प्रश्न स्वातंत्र्याचा होता. एन्. बी. ए. आणि ए. बी. ए. या दोन संस्थांत चढाओढ लागल्यामुळें खेळाडूंचें वेतन वाढूं लागलें होतें. तेव्हां १९७० सालीं दोहोंचें एकीकरण करण्याचा घाट मालकांनीं घातला. एकीकरण झालें असतें तर खेळाडूस गिऱ्हाईक एकच उरलें असतें. युनियनचा तत्कालीन अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यानें इतर खेळाडूंसह मक्तेदारीविरोधी कायद्याखालीं दावा लावला. तो दावा सहा वर्षें चालला. १९७६ सालीं तडजोड झाली, तींत खेळाडूस जन्मभर जखडून ठेवणारी अट निघाली, आणि नंतरच ए. बी. ए. चे चार संघ एन्. बी. ए. मध्यें आले. १९८८ च्या करारानें जुन्या खेळाडूंस मुदत संपतांच मनास येईल त्या संघांत जाण्याची पूर्ण मोकळीक मिळाली. परंतु रॉबर्टसन १९७४ सालींच खेळांतून निवृत्त झाला होता. त्यानें लावलेल्या झाडाचें फळ पुढच्या पिढीनें खाल्लें.

आतां मालकांची बाजूहि न्यायबुद्धीनें ऐकली पाहिजे. बाजारांत शेजारचें दुकान बुडालें तर दुकानदाराचा फायदा होतो. पण खेळांत प्रतिस्पर्धी बुडाला तर सामना खेळावयाचा कोणाशीं? श्रीमंत शहरांनीं सर्व उत्तम खेळाडू विकत घेतले, तर लहान शहरांतील लोक सामन्यास येणार नाहींत, आणि शेवटीं खेळाचेंच नुकसान होईल. या म्हणण्यांत तथ्य होतें. १९८० च्या सुमारास कित्येक संघ कर्जबाजारी झाले होते. म्हणून १९८३ सालीं दोन्ही पक्षांनीं एक अभिनव करार केला. प्रत्येक संघानें वेतनावर ठराविक मर्यादेपर्यंतच खर्च करावा, असें खेळाडूंनीं मान्य केलें. उलट ठरलेल्या उत्पन्नाचे शेंकडा ५३ खेळाडूंस मिळतील, अशी हमी मालकांनीं दिली. १९८४-८५ च्या हंगामांत ही मर्यादा प्रत्येक संघास ३६ लाख डॉलर होती. या करारानें खेळाडू हा निव्वळ नोकर न राहतां उत्पन्नाचा वांटेकरी झाला. मात्र वांटेकरी झाल्यावर वांटणीचा तंटाहि आलाच.

त्या तंट्यांत मालकांनीं टाळेबंदीचें हत्यार उपसलें. त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. खेळाडूंनीं संप करावयाचा तर तो हंगामाच्या अखेरीस, निर्णायक सामन्यांच्या वेळीं, करणें त्यांना सोयीचें. कारण तोंवर त्यांचें बहुतेक वेतन हातीं आलेलें असतें आणि मालकांची मोठी कमाई व्हावयाची असते. हें ओळखून मालक कराराची मुदत संपतांच उन्हाळ्यांत कुलूप घालतात. मग हंगामाचे दिवस उजाडतात, वेतन मिळत नाहीं, आणि थोड्या वर्षांच्या कारकीर्दींतील प्रत्येक गेलेला महिना खेळाडूस जाणवूं लागतो. १९९५ ची टाळेबंदी एकहि सामना न बुडतां मिटली. १९९८ ची मात्र १ जुलैपासून पुढच्या जानेवारीपर्यंत चालली, आणि ८२ सामन्यांचा हंगाम ५० वर आला. १९९७ सालीं केव्हिन गार्नेट या २१ वर्षांच्या खेळाडूशीं सहा वर्षांसाठीं १२ कोटी ६० लाख डॉलरचा करार झाला होता. त्यामुळें मालक धास्तावले होते. तडजोडींत थोर खेळाडूंच्या वेतनास कमाल मर्यादा पडली, पण किमान वेतन वाढलें. २०११ सालीं, गतवर्षीं ३० कोटी डॉलर तोटा आल्याचें मालकांनीं सांगितलें. खेळाडूंस तो हिशेब मान्य नव्हता. शेवटीं त्यांचा वांटा शेंकडा ५७ वरून सुमारें निम्म्यावर आला, आणि नाताळच्या दिवशीं ६६ सामन्यांचा हंगाम सुरू झाला.

‘लक्षाधीशांचें कोट्यधीशांशीं भांडण, आपणांस त्याचें काय?’ असें पुष्कळ लोक म्हणतात. परंतु न्यायाची व्याप्ति रकमेवर अवलंबून नसते. ज्याच्या कसबासाठीं लोक तिकीट घेतात, त्यास त्या तिकिटांतील आपला वांटा विचारण्याचा अधिकार आहे. मग वेतन आठ हजार असो वा ऐंशी लाख. मात्र या भांडणांत एक तिसरा पक्षहि असतो, आणि त्याला वाटाघाटीच्या मेजाशीं खुर्ची नसते. क्रीडागृहांतील द्वारपाल, खाद्यपदार्थ विकणारे, झाडलोट करणारे यांचा रोज दोन्ही मोठ्या टाळेबंद्यांत बुडाला. तसेंच, १९७६ च्या एकीकरणानंतर ए. बी. ए. चे अनेक जुने खेळाडू पुरेशा निवृत्तिवेतनावांचून राहिले. त्यांच्यासाठीं मालक व युनियन यांनीं मिळून सुमारें २ कोटी ४५ लाख डॉलरची तरतूद केली ती २०२२ सालीं, म्हणजे ४६ वर्षांनीं. तोंपर्यंत त्यांतील कित्येक हयात नव्हते.

दोन्ही पक्ष अनुभवानें शहाणे झाले, असें अलीकडील वर्षांवरून दिसतें. २०१६ सालीं खेळाडूंनीं स्वतःच्या निधींतून निवृत्त सोबत्यांच्या आरोग्यविम्याची सोय केली. २०१७ व २०२३ चे करार कुलूप न घालतां झाले.

तेव्हां कोणत्याहि मालक-कामगार तंट्याविषयीं मत बनवितांना विद्यार्थ्यांनीं केवळ ‘त्यांना किती मिळतें ?’ एवढेंच विचारून थांबूं नये. करार दोघांनीं मिळून लिहिला कीं एकानेंच लिहून दुसऱ्यापुढें टाकला ? मिळालेला लाभ बलवानाच्याच पदरांत पडला कीं दुर्बलापर्यंत पोंचला ? आणि भांडण चाललें असतां ज्याचा त्यांत कांहीं संबंध नव्हता अशा कोणाची चूल विझली ? या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधल्यावर जें मत बनेल, तेंच विचारपूर्वक बनविलेलें मत म्हणतां येईल.