रक्ताच्या तपासणीचा कागद

पावसाळा सरत आला होता. सोलापूरजवळच्या आमच्या गावात घरोघर ताप होता. आपल्या रात्रीच्या वर्गात येणाऱ्या एका बाईंचा दहा वर्षांचा मुलगा तापाने फणफणला. डोके दुखे, डोळ्यांच्या मागे ठणके, सारे अंग मोडून येई. तिसऱ्या दिवशी त्याला सोलापूरला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि डेंग्यू असल्याचे सांगितले. बाईंच्या हातात एक कागद आला.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, आकडे वाचता येतात, पण त्यांचा अर्थ काय?"

त्यांना जे सांगितले तेच आज तुम्हांला सांगतो.

१. डेंग्यू आहे की नाही?

रात्री शेतात चोर शिरला तर आधी काय दिसते? त्याची पावले. मग गाव जागे होते आणि राखण सुरू होते. रक्तातही तसेच घडते.

तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत 'एन. एस. वन' ही तपासणी करतात. ती चोराची पावले शोधते. पाच दिवसांनंतर 'आय. जी. एम.' ही तपासणी करतात. शरीराची राखण जागी झाली का, हे ती सांगते. कागदावर 'पॉझिटिव्ह' म्हणजे खूण सापडली, 'निगेटिव्ह' म्हणजे सापडली नाही. पण चुकीच्या दिवशी तपासले तर रोग असूनही खूण सापडत नाही. म्हणून ताप कोणत्या दिवशी आला, हे डॉक्टरांना नेमके सांगावे.

झटपट होणाऱ्या पट्टीच्या तपासणीपेक्षा 'एलायझा' तपासणी जास्त भरवशाची असते. सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांत ती मोफत होते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ साली सुरू झाली. तीच या तपासणीचे संच बनवून सरकारी केंद्रांना पुरवते.

२. प्लेटलेट म्हणजे काय?

जखम झाली की रक्त थांबवणारे बारीक कण आपल्या रक्तात असतात. त्यांना प्लेटलेट म्हणतात. राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या थेंबात ते साधारण १,५०,००० ते ४,५०,००० असतात. काही कागदांवर नुसते १५० लिहितात. ते १५० हजार, म्हणजे दीड लाख, बरं का! घाबरू नका.

डेंग्यूत हा आकडा उतरतो. पांढऱ्या पेशीही कमी होतात. बहुतेकांचा आकडा काही दिवसांत आपोआप वर चढतो.

३. दाटपणाचा आकडा

कागदावर 'पी. सी. व्ही.' किंवा 'हिमॅटोक्रिट' अशी एक ओळ असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही, पण ती फार मोलाची आहे. दही फडक्यात बांधून टांगले की पाणी गळते आणि घट्ट चक्का राहतो. कधी कधी डेंग्यूत रक्तातले पाणी असेच नसांच्या बाहेर झिरपते. रक्त दाट होते आणि हा आकडा चढतो. पहिल्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाने तो वाढला, तर धोका समजावा.

आता त्या मुलाचे पाहा. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट १,८०,००० आणि दाटपणा ३६ होता. पाचव्या दिवशी ताप उतरला. वडील म्हणाले, "ताप गेला, आता पोराला घरी नेतो." तेवढ्यात नवा कागद आला. प्लेटलेट ७०,०००. वडिलांचा चेहरा उतरला. "शेळ्या विकतो, पण प्लेटलेट चढवा," असे ते म्हणू लागले.

बाईंनी मात्र खालची ओळ वाचली. दाटपणा ४४! मुलाचे पोट दुखत होते आणि तो मलूल पडला होता. त्या म्हणाल्या, "अहो, थांबा. ताप गेला तरी रक्त दाट होतंय. आधी डॉक्टरांना विचारू."

डॉक्टर म्हणाले, "बरोबर ओळखलंत. ताप उतरतो तेव्हाच खरी जपणूक लागते. याला आज सलाईन हवे, प्लेटलेट नकोत. रक्तस्राव नसेल तर आकडा १०,००० च्या खाली जाईपर्यंत आम्ही त्या बहुधा चढवत नाही."

दोन दिवसांनी दाटपणा ३८ वर आला. प्लेटलेट ९५,००० झाल्या. मुलगा भाकरी मागू लागला. शेळ्या दावणीलाच राहिल्या.

४. ध्यानात ठेवा

ताप उतरल्यावर पोटात जोराची कळ, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, धाप, ग्लानी, लघवी कमी होणे, यांतले काहीही दिसले तर तडक दवाखाना गाठावा. कागदाची वाट पाहू नये.

डेंग्यूचा विषाणू मारणारे औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी, ताक, पेज आणि तापासाठी डॉक्टर सांगतील तेवढी पॅरासिटामॉल, हाच उपचार. ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या इतर गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढतो. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून दवाखाना टाळू नये.

सगळे कागद तारखेप्रमाणे जपून ठेवावेत. एकटा आकडा थोडे सांगतो, कालचा आणि आजचा शेजारी ठेवला की खरे कळते. कागद इंग्रजीत असेल तर तपासनिसाकडून तीन ओळी मराठीत लिहून घ्याव्यात. विचारण्यात लाज कसली?

आणि कागदाची वेळच येऊ नये म्हणून? डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्याकडे पाण्याची टंचाई, म्हणून रांजण-हौद भरून ठेवावेच लागतात. ते झाकून ठेवावेत. आठवड्यातून एक दिवस रिकामे करून, घासून, कोरडे करावेत.

प्रश्न

१. तापाच्या दुसऱ्या दिवशी कोणती तपासणी करतात?
२. कागदावर प्लेटलेट १२० लिहिले आहे. ते किती हजार झाले?
३. दाटपणा ४० वरून ४८ झाला. तुम्ही काय कराल?
४. तुमच्या घरातला रांजण शेवटचा कधी घासला?