भावाआधी माल उचलण्याची तारीख ठरवा

सकलेशपूरला आमची अराबिकाची बाग आहे. माझं माहेर पुण्याचं, त्यामुळे तिकडे नव्यानं रोस्टरी काढणारी मंडळी थेट कराराबद्दल विचारायला मलाच फोन करतात. असे करार व्हावेत असं मला मनापासून वाटतं. कॉफीचं रोप लावल्यावर तीन-चार वर्षांनी फळ हाती येतं. एवढी वाट पाहणाऱ्याला खात्रीचं गिऱ्हाईक हवंच असतं.

आमचा एका रोस्टरीशी झालेला तीन वर्षांचा करार मात्र चांगलाच अंगाशी आला. भाव ठरलेला, अट एकच: कपिंगला, म्हणजे चवीच्या चाचणीत, 84 गुण. 2025 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अराबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. व्यापारी दारात येऊन ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त देत होते. सासरे म्हणाले, "शब्द दिलाय, माल त्यांचाच." पार्चमेंट, म्हणजे टरफलासकट वाळवलेले दाणे, क्युरिंग वर्क्सला गेलं, सोलून, प्रतवारी होऊन पोती भरली. गाडी काही येईना. फोन केला की "पुढच्या आठवड्यात." तोवर पाऊस लागला. आमच्या मलनाड भागातल्या पावसात साठवलेली कॉफी ओल ओढते. मूठभर दाणे हातात घेतले तर निळसर-हिरवी झाक जाऊन ते पांढुरके पडलेले, वास गोणपाटासारखा. ऑगस्टमध्ये त्यांनी नमुना मागवला, गुण कमी भरले म्हणाले आणि भाव पाडला. इकडे तोडणीची मजुरी आम्ही कर्ज काढून कधीच चुकती केली होती.

कपिंग कुणी करायचं, कधी, कुठल्या नमुन्यावर, याबद्दल करारात एक ओळ नव्हती.

म्हणून बागायतदारांना सांगते, आधी माल उचलण्याची तारीख लिहून घ्या, आणि ती पावसाळ्याच्या बरीच अलीकडची असू द्या. तारीख उलटली की गोदामभाडं, व्याज आणि दर्जाची जोखीम खरेदीदाराची. क्युरिंग झाल्या दिवशीच एका लॉटचे तीन नमुने सीलबंद करा: एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे, एक क्युरिंग वर्क्सकडे. त्या दिवशीची ओलही कागदावर टिपा.

एकच भाव तीन वर्षं बांधून घेऊ नका. 2019 मध्ये न्यूयॉर्कचा हाच भाव डॉलरच्याही खाली होता. बाजार चढला की बागायतदाराची घालमेल होते, पडला की रोस्टर हात आखडता घेतो. मजुरी, खत आणि क्युरिंगचा खर्च भागेल असा किमान भाव ठरवा. त्यावरचा भाव न्यूयॉर्कच्या ठरावीक महिन्यांच्या सरासरीवरून काढायचा, आणि डॉलरचा दर कुठल्या दिवशीचा धरायचा तेही लिहायचं. पोत्यांचा नेमका आकडाही देऊ नका. अराबिका एक वर्ष लगडते, दुसऱ्या वर्षी हात राखून देते, आणि मार्च-एप्रिलचा फुलोऱ्याचा पाऊस चुकला तर सगळाच हिशेब कोलमडतो. किमान इतका माल देऊ, वरच्या मालावर पहिला हक्क तुमचा, एवढं पुरे.

रोस्टर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, की नोव्हेंबर ते जानेवारी तोडणी चालते तेव्हाच काही रक्कम आगाऊ द्या. मजुरांचा पगार तुमच्या सवडीसाठी थांबत नाही. आणि गुणांवरून वाद झालाच, तर तिसरा नमुना बेंगळुरूला कॉफी बोर्डाच्या प्रयोगशाळेत जाईल, तिथला निकाल दोघं मानतील आणि तपासणीचा खर्च निम्मा-निम्मा सोसतील, हे सही करण्याआधीच करारात घाला.