पाऊल सगळ्यांबरोबर, विचार स्वतःचा

बंगळूरच्या पहाटेच्या गारव्यात आमची परेड सुरू होते. एकाचे पाऊल चुकले की सगळी रांग बिघडते. म्हणून सगळे करतात तेच करायचे, ही सवय आमच्या अंगात लवकर मुरते. पण परेड संपल्यावरही तसेच वागायचे का? गोपाळ गणेश आगरकरांविषयी वाचताना मला हा प्रश्न पडला.

आगरकरांचा जन्म १८५६ साली कराडजवळच्या टेंभू गावी झाला. घरी गरिबी होती. एम.ए. झाल्यावर चांगल्या पगाराची नोकरी मिळाली असती. पण पोटापुरते मिळवून लोकांसाठी काम करीन, असे त्यांनी आईला कळवले. टिळकांबरोबर ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले. 'केसरी'चे ते पहिले संपादक. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले.

पुढे सामाजिक सुधारणांवरून दोघांचे पटेना. बालविवाह आणि विधवांचे केशवपन यांविरुद्ध आगरकरांना स्पष्ट लिहायचे होते. १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. चिडलेल्या लोकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरीही ते पुण्यातच राहून शिकवत राहिले. १८९२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये वारले. वय अवघे ३८. त्यांनी वर्तमानपत्र सोडले, समाज सोडला नाही.

आता माझी गोष्ट. गेल्या सत्रात एका मुलाच्या चुकीमुळे आमच्या सगळ्या डॉर्मिटरीला शिक्षा झाली. त्याच्याशी कोणी बोलायचे नाही, असे ठरले. मला ते पटले नव्हते, तरी आठ दिवस मीही गप्प राहिलो. आपल्यालाही वाळीत टाकतील, ही भीती होती. नवव्या दिवशी मेसमध्ये मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तो काही बोलला नाही. फक्त डाळीचे भांडे माझ्याकडे सरकवले. काही मित्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलू लागले. ते आठ दिवस मात्र मला अजून टोचतात.

यातून मी एवढे शिकलो: परेडवर पाऊल जुळवणे ही शिस्त आहे, पण अन्यायाशी पाऊल जुळवणे ही शिस्त नव्हे. आपल्या लोकांचे चुकत असेल तर त्यांच्यातच राहून ते सांगावे. रुसून दूर जाणे सोपे, गप्प राहणे त्याहून सोपे. आगरकरांनी या दोन्ही सोप्या वाटा टाळल्या.