साखरेतून वायू येतो कुठून?

प्रश्न : पाव करताना कोमट पाण्यात यीस्ट आणि साखर घातली की थोड्या वेळात फेस येतो आणि पुढे मैदाही फुगतो. साखर तर पाण्यात नुसती विरघळते. मग हा वायू येतो कुठून?

उत्तर : साखरेतूनच. यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे आणि साखर हे तिचे अन्न. आपली नेहमीची साखर ती आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फोडते. ग्लुकोजच्या एका रेणूत कार्बनचे ६ अणू असतात. पेशीतली विकरे (एन्झाइम) त्याचे तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे करतात. यातून पेशीला ऊर्जा मिळते. पण साखरेतून निघालेला हायड्रोजन काही ठरावीक वाहक रेणूंवर जाऊन बसतो. हे वाहक मोकळे झाल्याशिवाय पुढची साखर फोडता येत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्यातून एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो आणि उरलेला भाग वाहकाकडचा हायड्रोजन घेऊन अल्कोहोल बनतो. सहापैकी २ कार्बन वायूत जातात, ४ अल्कोहोलात.

हा वायू थोडाथोडका नसतो. चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे १ लिटर वायू तयार होतो. मैद्यातले चिवट ग्लुटेन तो अडवून धरते आणि गोळा फुगतो. साखर अजिबात घातली नाही तरी मैदा फुगतो, कारण पिठातली विकरे स्टार्चपासून माल्टोज ही साखर तयार करतात. भट्टीत यीस्ट मरते आणि बहुतेक अल्कोहोल उडून जाते. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी पावाचे पीठ आंबवायला माडाची सूर वापरत. तिच्यातही यीस्टच असते.

साखर आंबवण्याचे हे काम जिवंत पेशीच करू शकते, असे लुई पाश्चरचे मत होते. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी वेगळेच दाखवले. यीस्ट चिरडून काढलेला रस टिकावा म्हणून त्यांनी त्यात साखर घातली, तर पेशी नसतानाही वायूचे बुडबुडे येऊ लागले. आंबवण्याचे काम विकरे करतात हे त्यातून कळले आणि १९०७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

घरी मात्र जिवंत यीस्टच हवे. पाणी हाताला सोसेल इतकेच कोमट घ्या. पंधरा मिनिटांतही फेस आला नाही, तर ते यीस्ट मैद्यात मिसळू नका, नवे आणा.