सुट्या भागांचा शोध

विज्ञान-प्रदर्शनासाठीं एखादें लहानसें यंत्र करावयाचें ठरलें, कीं मुंबईच्या मुलांची धांव लॅमिंग्टन रोडकडे असे. वस्तूचें नांव नीट सांगतां आलें नाहीं, तरी जुना दुकानदार "कशाला पाहिजे?" असें विचारी आणि खणांतून नेमका भाग काढून हातावर ठेवी. ती बाजारपेठ अद्यापि आहे. पण गांवोगांवचे विद्यार्थी आतां हे भाग संकेतस्थळांवरून मागवूं लागले आहेत. संकेतस्थळ सहसा कांहीं विचारीत नाहीं. जें मागावें तें देतें, आणि चुकीचें मागितलें तर चुकीचेंच बिनतक्रार पाठवितें. पैसे वडिलांचे जातात आणि प्रदर्शनाचा दिवस टळत नाहीं. म्हणून या शोधाची रीत येथें थोडी विस्तारानें सांगतों.

मोल्सवर्थ साहेबांच्या कोशांत (पहिली आवृत्ति १८३१) 'पाण्यानें' हें रूप शोधणाऱ्यास तें मिळणार नाहीं. मूळ शब्द 'पाणी' आहे, हें ठाऊक असलें तर पान लगेच उघडतें. सुट्या भागांच्या सूचीचेंही असेंच आहे. वस्तु ज्या रूपानें तेथें नोंदलेली असते, त्याच रूपानें ती मागावी लागते. या सूचींत लक्षावधि वस्तु असतात. माउसर नांवाची प्रसिद्ध अमेरिकन पेढी १९६४ सालीं जेरी माउसर या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकानें, शाळेंतील प्रयोगांना लागणारे भाग मिळावेत म्हणून सुरू केली. आज तिची सूचि पाहिली तर शिक्षकही गोंधळून जाईल!

उदाहरणादाखल नऊ व्होल्टच्या बॅटरीवर लुकलुकणारा दिवा घेऊं. त्यासाठीं बहुधा '५५५' नांवाचा टायमर वापरतात. हान्स कॅमेंझिंड यांनीं तो १९७१ सालीं रचिला, १९७२ मध्यें तो बाजारांत आला, आणि अजूनही तो सर्वत्र मिळतो. विद्यार्थी शोधाच्या चौकटींत '५५५' एवढेंच लिहितो आणि ज्यांच्या क्रमांकांत हे तीन अंक कोठेंही आले आहेत अशा नाना वस्तूंची रांग पुढें उभी राहते. चौकटींत अंक घालण्याआधीं वर्ग निवडावा हें बरें : प्रथम इंटिग्रेटेड सर्किट, त्यांत टायमर, आणि मग '५५५'.

एवढ्यानें काम संपत नाहीं. खरी फसगत पुढेंच आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या सूचींत 'एनई ५५५ पी' आणि 'एनई ५५५ डी' असे दोन भाग दिसतात. आंतील मंडल एकच, किंमतही फारशी वेगळी नाहीं. परंतु 'पी'चे पाय परस्परांपासून २.५४ मिलिमीटर अंतरावर असतात आणि ब्रेडबोर्डाच्या भोंकांत सरळ बसतात. 'डी'चे पाय १.२७ मिलिमीटर अंतरावर असून तो छापील पट्टीच्या पृष्ठावर डाख देऊन बसवावयाचा असतो. ब्रेडबोर्डावर तो बसत नाहीं. छायाचित्रांत दोन्ही सारख्याच आकाराचे भासतात, कारण छायाचित्रास माप नसतें. शेवटच्या एका अक्षरावर सगळा प्रयोग अडतो, आणि तें अक्षर वाचण्याचा कंटाळा करणारेच अधिक.

आतां गाळण्या. सूचीच्या माथ्यावर व्होल्टेज, आकार, बसविण्याची पद्धत इत्यादि रकाने असतात. एकाच रकान्यांत अधिक खुणा केल्या तर निवड वाढते. निरनिराळ्या रकान्यांत केल्या तर ती घटते. हा भेद ध्यानांत ठेवावा. वरील दिव्यास दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागला, तर नऊ व्होल्टचाच शोधणें व्यर्थ होय. १६, २५, ३५, ५० या सर्व व्होल्टांवर खूण करावी. पेलण्याची मर्यादा गरजेहून मोठी असली तर हरकत नाहीं. मोठा डबा जागा अडवितो, इतकेंच.

रेझिस्टरची गोष्ट याहून निराळी. पांच हजार ओहमचा रेझिस्टर शोधून मुलें हिरमुसतात. सर्वसाधारण मालिकेंत ४,७०० आणि ५,१०० हे आंकडे आहेत, ५,००० नाहीं. दिव्यास दोहोंपैकीं कोणताही चालतो. ४,७०० हा आंकडा कोठें '४.७ के', तर कोठें '४के७' असा लिहिलेला आढळेल. कपॅसिटरवरील '१०४', १०० नॅनोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरड हीं तिन्ही एकाच मापाचीं नांवें. इंग्रजी लहान 'एम' म्हणजे सहस्रांश आणि मोठा 'एम' म्हणजे दहा लक्षपट. दोहोंत एक अब्जपटीचें अंतर आहे!

'साठ्यांत आहे' ही खूण अगदीं आरंभींच करावी. नाहींतर अर्धा तास खर्चून निवडलेली वस्तु कित्येक आठवड्यांनीं मिळणारी निघते. 'उत्पादन बंद' असा शेरा असलेला भाग सोडून द्यावा. स्वस्ताच्या क्रमानें रांग लावल्यास सर्वांत वर येणारी किंमत पुष्कळदा हजारों नगांच्या अख्ख्या रिळाची असते. एका नगास काय पडतें, तें वेगळें पाहावें. टपालखर्च तर अनेकदां मालाहून जड होतो. चार मित्रांनीं मिळून एकच मागणी करावी हें उत्तम.

मागणी करण्यापूर्वीं त्या भागाची माहितीपत्रिका उघडावी. सगळी वाचण्याची गरज नाहीं. तींत 'कमाल मर्यादा' आणि 'वापरास योग्य मर्यादा' असे दोन तक्ते असतात. पहिल्यांत लिहिलेल्या आंकड्याच्या पुढें भाग निकामी होऊं शकतो. आपलें गणित दुसऱ्यावर करावें. 'एनई ५५५'साठीं ही दुसरी मर्यादा ४.५ ते १६ व्होल्ट आहे, तेव्हां नऊ व्होल्टची बॅटरी निर्धास्त लावावी. शेवटच्या पानांवर पायांची आकृति मापांसह असते. तिच्यावर फूटपट्टी धरण्याऐवजीं तेथील मिलिमीटरचे आंकडे वाचावे, कारण पडद्यावर आकृति लहानमोठी होते.

पालकांस विजेचें ज्ञान नसलें तरी चालेल. पैसे देण्यापूर्वीं मुलास एवढें विचारावें : याचे पाय किती अंतरावर आहेत, आणि कमींत कमी किती नग घ्यावे लागतात? उत्तर चटकन् आलें नाहीं, तर मागणी एक दिवस लांबवावी आणि माहितीपत्रिकेचें तें पान मुलाकडून वहींत उतरवून घ्यावें.