धायटी : नावे अनेक, झुडूप एक

हनीसकल हे इंग्रजी नाव आपल्यापैकी काहींनी रोपवाटिकेत ऐकले असेल. फुलाची नळी तोडून तळाचा गोड रस चोखता येतो, त्यावरून हे नाव पडले. खरी हनीसकल म्हणजे लोनिसेरा. आपल्या दारावर चढवलेल्या मधुमालतीलाही इंग्रजीत चिनी हनीसकल म्हणतात, पण ती वेगळ्याच कुळातील वेल आहे. आपल्या रानात मुले फूल चोखतात ते झुडूप कोणते, असे जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात विचारले, तर उत्तर येते धायटी.

राजुरीहून आळेफाटा आणि ओतूर मागे टाकून माळशेजकडे निघालात, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरउतारावर हे झुडूप सहज नजरेस पडते. पाने बरीचशी गळालेली असतात आणि काटक्या लाल फुलांनी भरलेल्या असतात. याच झुडपाला कोठे धावशी, कोठे धायफूल म्हणतात. हिंदीत धवई, गुजरातीत धावडी, तर संस्कृतात धातकी, ताम्रपुष्पी आणि अग्निज्वाला ही नावे आहेत. शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा.

इतकी नावे असल्याचा तोटा फुले गोळा करणाऱ्याला होतो. केंद्र शासनाच्या किमान आधारभूत किमतीच्या गौण वनोपज यादीत हे फूल ‘धवईफूल’ म्हणून आहे. धायटी एवढेच नाव माहीत असलेला माणूस ती यादी वाचून पुढे निघून जाईल. दुसरा घोटाळा धावड्याचा. धावडा हा डिंक देणारा उंच वृक्ष. त्याचा धायटीशी नावापलीकडे संबंध नाही. म्हणून रोप घेताना किंवा फुले विकताना नावावर न जाता खुणा पाहाव्यात.

झुडूप साधारण 1 ते 3 मीटर उंच होते. फांद्या लांब आणि खाली झुकलेल्या असतात, साल पातळ, तांबूस असून तिचे पापुद्रे सुटतात. पाने समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी, जवळजवळ देठाशिवाय फांदीला चिकटलेली असतात. पान उलटे करून पाहावे. खालची बाजू पांढुरकी असून तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. ही खूण फुले नसतानाही उपयोगी पडते.

फुलाची लाल नळी एक ते दीड सेंटिमीटर लांब व किंचित वाकडी असते. ही नळी पाकळ्यांची नाही, ती पुष्पकोशाची आहे. पाकळ्या सहा, अगदी अरुंद आणि नळीच्या तोंडाशी लपलेल्या. पुंकेसर बारा असून ते बाहेर डोकावतात. आपल्यापैकी डाळिंब लावणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. डाळिंबाच्या फुलाचा लाल, चिवट कोशही असाच फळावर टिकून राहतो. डाळिंब, मेंदी, आपले राज्यपुष्प ताम्हण आणि ही धायटी, सर्व लिथ्रेसी या एकाच कुळातील आहेत.

धायटीचा कोशही गळत नाही. पाकळ्या आणि पुंकेसर झडून गेले तरी लाल नळी तशीच राहते आणि तिच्या आत बोंड पोसत असते. फुले ओरबाडणाऱ्याला वाटते आपण फूल तोडले, प्रत्यक्षात त्याने बीही तोडलेले असते. एकाच उतारावर दरवर्षी सर्व फुले काढली, तर नवी रोपे उगवण्यास बी उरणार नाही. जुनी झुडपे जोमदार दिसतात म्हणून ही घट पुष्कळ वर्षे लक्षात येत नाही.

फुलांना मागणी आहे ती औषधांसाठी. द्राक्षासव, कुमारी आसव, दशमूलारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत धायटीची फुले घालतात. फुलांवर नैसर्गिक किण्व असते, त्यामुळे गुळाचे पाणी आंबण्यास मदत होते. फुलांत टॅनिनही भरपूर असल्याने पूर्वी ती रंगाईसाठी वापरीत. तोडणी करताना फांदी मोडू नये. प्रत्येक झुडपावरील निदान एक तृतीयांश फुले, शक्यतो वरची, सोडून द्यावीत. तोडलेली फुले त्याच दिवशी सावलीत पातळ पसरावीत. ढीग केल्यास ती काळी पडतात व बुरशी येते. वनजमिनीवरील तोडणीपूर्वी ग्रामसभेत किंवा वन विभागाकडे हक्काची चौकशी करावी.

राजुरीसारख्या पूर्वेकडील कमी पावसाच्या गावात ही लावावी का? बागायती जमिनीत मुळीच नको. मात्र ओघळीचा काठ, मुरमाड बांध किंवा पडीक उतार असेल तर जरूर लावावी. हलक्या जमिनीत ती तग धरते, छाटल्यावर बुंध्यापासून पुन्हा फुटते. शिवाय पीकफुले कमी असतात त्या दिवसांत मधमाश्या आणि शिंजीर पक्षी तिच्यावर येतात. कांदा बीजोत्पादन करणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असल्याने मधमाश्यांना तो फारसा आवडत नाही, आणि दोन्हींचा फुलोरा बहुधा एकाच वेळी येतो. त्यामुळे बियाण्याच्या प्लॉटला लागून धायटीची रांग धरू नये.

बोंडे तपकिरी होऊन उकलण्यापूर्वी, साधारण एप्रिल-मे महिन्यांत काढावीत. कापडावर सावलीत वाळविल्यास बी आपोआप सुटते. बी अतिशय बारीक असते, म्हणून ते चाळलेल्या वाळूत मिसळून माती व शेणखताच्या ट्रेवर भुरभुरावे. वरून माती टाकू नये, बी खोल गेल्यास उगवत नाही. पाणी बारीक छिद्रांच्या झारीने द्यावे किंवा ट्रे पाण्यात ठेवून खालून मुरू द्यावे. रोपे चार पानांची झाली की पिशवीत घ्यावीत. पुढील वर्षी चांगला पाऊस झाल्यावर दीड ते दोन मीटर अंतरावर, 30 सेंटिमीटर लांबी-रुंदी-खोलीच्या खड्ड्यांत लावावीत. पहिला उन्हाळा मात्र आठवड्याला एक तांब्या पाणी द्यावे लागते.